राजीनाम्याआधी मूळ पगाराचा हिशेब

सोलापुरातील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात १९ वर्षे काम करणाऱ्या, ५१ वर्षांच्या परिचारिका भगिनींनी विचारले आहे की, गुडघे आणि कंबर साथ देत नसल्याने रात्रपाळी सोडून हलके काम घ्यावे का, आणि पीएफ काढून जुळे सोलापुरातील घराचे कर्ज फेडावे का. सध्या त्यांना ३३,००० रुपये मिळतात, पैकी मूळ पगार २४,०००. याच रुग्णालयाच्या विमा कक्षात १५,००० मूळ पगार धरून २२,००० रुपये, तर एका मधुमेह केंद्रात दिवसपाळीला २०,००० रुपये मिळू शकतात. यजमानांची टॉवेल कारखान्यातील कमाई सरासरी १०,००० असली तरी अनियमित आहे. घरखर्च हप्त्यासह ३१,००० आहे. कर्ज सुमारे ५,२७,००० रुपये, व्याज ९ टक्के, हप्ता ९,५०० आणि मुदत सहा वर्षे उरली आहे.

ताई, रुग्णांना उचलण्याचे, कुशीवर वळवण्याचे काम आपण थांबवावे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. कंबर कायमची गेली, तर २०,००० रुपयांची नोकरीही हाती राहणार नाही. प्रश्न आहे तो कोणत्या क्रमाने बाहेर पडावे याचा.

ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ सेवेनंतर नोकरी सोडताना मालकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम, शेवटच्या मूळ पगारावर आणि महागाई भत्त्यावर मोजतात: १५ दिवसांचा पगार, महिन्याचे २६ दिवस धरून, गुणिले सेवेची वर्षे. आज राजीनामा दिल्यास आपल्याला सुमारे २,६३,००० रुपये मिळतील. मात्र विमा कक्षात १५,००० मूळ पगारावर गेलात, तर याच १९ वर्षांचे मोल १,६४,००० रुपयांवर येते. अपंगत्वामुळे पगार कमी झाल्यास आधीची वर्षे जुन्या पगाराने धरण्याची तरतूद कायद्यात आहे, परंतु गुडघेदुखी त्यात बसवण्यासाठी वाद घालावा लागेल. त्या भरवशावर राहू नये. मधुमेह केंद्रापेक्षा विमा कक्षात दरमहा २,००० जास्त मिळतात खरे, पण जवळपास एक लाखाचा हा तोटा भरून निघायला चार वर्षे लागतील. म्हणून मूळ पगार २४,००० राहील असे लेखी मिळाले तरच विमा कक्ष स्वीकारावा. अन्यथा मधुमेह केंद्र बरे.

पीएफला मात्र हात लावू नये. त्यावर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज जाहीर झाले आणि आपल्या १९ वर्षांच्या सेवेनंतर ते करमुक्त मिळते, तेव्हा ९ टक्क्यांचे कर्ज फेडण्यासाठी म्हातारपणाची पुंजी मोडण्यात फारसा लाभ नाही. जुने खाते नव्या नोकरीत वर्ग करून घ्यावे. पीएफसोबतच्या पेन्शन योजनेतले निवृत्तिवेतन शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरी पगारावर, १५,००० च्या मर्यादेत ठरते. त्यामुळे मधुमेह केंद्राकडे एकूण २०,००० पैकी किमान १५,००० मूळ पगाराचा आग्रह धरावा. पन्नाशीनंतर लवकर निवृत्तिवेतन घेता येते, पण ५८ च्या आधीच्या प्रत्येक वर्षाला ४ टक्के कपात होते आणि ती जन्मभर राहते.

मधुमेह केंद्रात गेलात, तर हाती येणाऱ्या ग्रॅच्युइटीपैकी दोन लाख कर्जात भरा आणि बँकेला लेखी कळवा की मुदत तीच ठेवून हप्ता कमी करावा. तसे न सांगितल्यास बँका बहुधा मुदत घटवतात आणि दरमहाची ओढ तशीच राहते. हप्ता सुमारे ५,९०० वर येईल, खर्च २७,४०० होईल. यजमानांची कमाई आली तर २,६०० शिल्लक राहतील, न आल्यास ७,४०० ची तूट पडेल. उरलेले ६३,००० याच तुटीसाठी बाजूला ठेवावेत. पगारवाढ होईपर्यंत त्यांतून सोने घेऊ नये.

राजीनामा देण्यापूर्वी आरोग्य विमा घ्या आणि अर्जात गुडघ्यांचा त्रास स्पष्ट लिहा, कारण आधीच्या आजारासाठी प्रतीक्षा तीन वर्षांपर्यंत असू शकते. मधुमेह केंद्र ‘कर्मचारी राज्य विमा’ (ईएसआय) योजनेत नोंदलेले असेल, तर २०,००० वर आपली कपात केवळ १५० रुपये होईल आणि यजमानांनाही उपचार मिळतील. ही नोंद आहे की नाही, हे नेमणूकपत्र घेण्याआधी विचारून घ्यावे.