बसायचे कधी आणि सांगायचे कोणाला?

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून घोडबंदर रस्त्याला राहते आणि ऐरोलीत नोकरी करते. पोट व कंबरेची चरबी काढून ती नितंबांत भरण्याची शस्त्रक्रिया मी १६ दिवसांपूर्वी करून घेतली. पती कामानिमित्त बाहेरगावी असतात. त्यांना सर्व ठाऊक आहे. सासूबाईंना मात्र कंबरदुखीचा उपचार झाल्याचे सांगितले आहे. त्या रोज शेकण्यासाठी गरम पाण्याची पिशवी आणून देतात आणि उताणे झोपण्याचा आग्रह धरतात. टाके दाखवायला जाताना नवव्या दिवशी मी रिक्षात अर्धा तास बसले होते. आता आकार पहिल्या आठवड्यापेक्षा कमी वाटतो आणि उजव्या बाजूला सुपारीएवढी कठीण गाठ लागते. सगळे वाया गेले का? सोमवारी कामावर जाऊ का? या उकाड्यात शस्त्रक्रियेनंतर घालायचे आवळणारे वस्त्र, म्हणजे कॉम्प्रेशन गारमेंटही सहन होत नाही.

उत्तर : अर्ध्या तासाच्या रिक्षाने सगळे वाया जात नाही, त्यामुळे ती रुखरुख आधी मनातून काढून टाका. एका जागेहून काढून दुसरीकडे भरलेल्या चरबीला स्वतःचा रक्तपुरवठा उरलेला नसतो. सुरुवातीचे काही दिवस ती शेजारच्या ऊतींतून झिरपणाऱ्या द्रवावर तग धरते आणि मग तिच्यात केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या शिरू लागतात. तासन्‌तास बसल्याने या कोवळ्या वाहिन्या दबतात, म्हणून पहिले दोन आठवडे सर्वांत नाजूक मानले जातात आणि ते तुम्ही पार केले आहेत. पहिल्या आठवड्यात आरशात दिसलेला आकार मुळात खरा नव्हताच, कारण त्यात सूज मोठ्या प्रमाणात होती. शिवाय भरलेल्या चरबीचा बराच भाग, अनेकदा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक, पुढील काही महिन्यांत शरीर शोषून घेते, आणि शल्यविशारद हे गृहीत धरूनच चरबी भरतात. तेव्हा निकाल सहा महिन्यांनी पाहावा. रोज फोटो काढून ताडून पाहू नये.

गाठ बहुधा न जगलेल्या चरबीची असावी. अशा गाठी अनेकदा काही महिन्यांत मऊ पडतात, परंतु न तपासता हे ठामपणे सांगता येत नाही, म्हणून या आठवड्यातच ती शल्यविशारदांना दाखवा. गरज वाटल्यास ते सोनोग्राफी करून घेतील. तोवर ती चोळून किंवा दाबून जिरवण्याचा प्रयत्न करू नका.

सोमवारी कामावर जाणे मला घाईचे वाटते. जाहिरातींत ‘आठवड्यात कामावर’ असे छापलेले असते, पण ते छापणाऱ्याला घोडबंदर रस्त्याचे खड्डे ठाऊक नसावेत. आणखी दोन आठवडे घरून काम मागा. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात ‘शस्त्रक्रियेनंतर विश्रांती आवश्यक’ एवढे पुरते; कशाची शस्त्रक्रिया, हे विचारले तरी सांगण्याची गरज नाही. साधारण सहा ते आठ आठवड्यांपर्यंत बसावेच लागले, तर मांड्यांखाली जाड, घट्ट उशी अशी ठेवा की भार मांड्यांवर येईल आणि नितंब मागे अधांतरी राहतील, आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठून चार पावले चाला. कमोडवर थोडा वेळ बसण्यास हरकत नसते. पुढे ठाणे–वाशी लोकलने जाऊ लागाल तेव्हा सुरुवातीला गर्दीची वेळ टाळून उभ्यानेच प्रवास करा. स्कूटर सध्या नकोच.

गारमेंटला पर्याय नाही, मात्र त्याचा त्रास कमी करता येतो. दोन जोड ठेवा, आतून पातळ सुती बनियन घाला आणि कापडाला चुणी पडू देऊ नका, कारण चुणीच्या जागी त्वचेवर खोलगट रेघ उमटते. पोट-कंबर आवळणारे हे वस्त्र नितंबांवर मात्र घट्ट बसता कामा नये. बसत असेल तर बदलून घ्या.

तुमच्या पत्रातील ज्या गोष्टीने मी थबकले ती म्हणजे गरम पाण्याची पिशवी. चरबी काढलेल्या आणि भरलेल्या भागाची त्वचा अनेक आठवडे बधिर असते. चटका बसला तरी तो कळत नाही आणि फोड आल्यावरच लक्षात येते. सासूबाई मायेने शेक देत आहेत, उताणे झोपायला सांगत आहेत, आणि तुमची कंबर दुखत असती तर त्यांचे चुकलेही नसते. दुसरे असे की चरबी मोठ्या शिरांत शिरून फुप्फुसात जाण्याचा धोका शस्त्रक्रियेच्या वेळी व नंतरच्या एक-दोन दिवसांत सर्वाधिक असतो. याच धोक्यामुळे २०१८ मध्ये प्लास्टिक सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय कृती गटाने चरबी स्नायूत न भरता त्वचेखालीच भरावी, असे बजावले होते. त्या एक-दोन दिवसांचा काळ तुमचा सरला आहे. पायातील शिरेत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता मात्र अजून काही आठवडे राहते. म्हणून घरातल्या घरात दिवसातून अनेकदा चाला. अचानक धाप लागली, छातीत दुखले किंवा एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर शल्यविशारदांच्या फोनची वाट न पाहता थेट १०८ ला फोन करावा. ताप, लाली किंवा दुर्गंधीयुक्त स्राव दिसल्यास त्याच दिवशी दाखवावे.

हा फोन ऐन वेळी घरात करणार कोण? पती गावाला असताना त्या सासूबाईच. त्यांना सगळा तपशील सांगायला हवा असे नाही. कंबरेजवळ शस्त्रक्रिया झाली आहे, शेक व मालिश डॉक्टरांनी वर्ज्य केली आहे, पालथे किंवा कुशीवरच झोपायचे आहे आणि धाप लागली तर लगेच रुग्णवाहिका बोलवायची आहे, एवढे आज रात्री जेवताना सांगा, आणि रुग्णालयाची फाइल कपाटात कुठल्या खणात आहे तेही दाखवून ठेवा.