गटाची वही घेऊन आधी बैठकीला जा

पत्र, थोडक्यात: ताई, मी इचलकरंजीची. नवरा मागावर कामाला. मालकानं निम्मे माग भंगारात काढले, तेव्हापासून आठवड्यात दोन-तीन दिवसच काम मिळतं. मी कांड्या भरते, पण त्यावर घर चालत नाही. फायनान्सवाला दर सोमवारी दारात उभा असतो. दीर चांगल्या नोकरीत आहेत, तरी साधी विचारपूस नाही. आठ वर्षं बचत गटात आहे, पण चार महिने गेले नाही. भरायला पैसे नाहीत, तर कुठल्या तोंडानं जायचं? गटाची वही अजून माझ्याच कपाटात आहे. आपली माणसं अशी का वागतात?

उत्तर: दिरांनी विचारायला हवं होतं, नाही विचारलं. त्यांच्यावर याहून जास्त शाई मी खर्च करणार नाही. मला त्या वहीबद्दल बोलायचंय, जिचा उल्लेख तू किराण्याच्या यादीत शेवटी मीठ लिहावं तसा केलास.

वही तुझ्याकडे, म्हणजे लिहिणारी तूच. कुणी किती बचत भरली, कुणाला अंतर्गत कर्ज (गटाच्याच बचतीतून) दिलं, किती फिटलं, सगळं तिच्यात. गट बँकेत कर्ज मागायला गेला की साहेब आधी तीच उघडतात. चार महिन्यांचे रकाने कोरे! आपलं ओझं दुसऱ्यांवर नको म्हणून तू घरी बसलीस आणि सगळ्यांनाच अडकवून ठेवलंस. तुझ्या गल्लीत माग फक्त तुझ्याच नवऱ्याचे बंद पडलेत थोडेच? उद्या गटातल्या एखादीला पोराची फी भरायला पाच हजार लागले तर तिनं काय तुझं कपाट फोडायचं?

हो, चिडलेय मी. हक्कानं हात पसरता येईल अशी तुझ्यापाशी एक जागा आहे. तिथं तू स्वतःहून जाणं बंद केलंस आणि राग काढतेस दिरांवर.

अंतर्गत कर्ज असतंच अशा वेळेसाठी. त्या पैशात तुझी आठ वर्षांची बचत आहे. व्याज जातं ते गटाकडेच, त्यातही तुझा वाटा. हप्ता चुकला तर बैठकीत बोलून पुढं ढकलता येतो. सोमवारच्या माणसाशी असं बोलून बघ एकदा!

मुंबईच्या गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायकांकडे बँकेत तारण ठेवायला काही नव्हतं. संप झाला की कामगारांना उधारीवर जेवू घालायच्या आणि स्वतः सावकाराच्या दारात जायच्या. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये त्यांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बायका एकमेकींना जामीन राहिल्या, तेव्हा कुठं राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळालं. 'कुठल्या तोंडानं' हा प्रश्न त्यांनाही पडला असेलच. पण जामीन राहायला समोर यावं लागतं गं.

येत्या बैठकीला वही घेऊन जा. मधल्या महिन्यांचा हिशेब कुणीतरी कागदावर टिपला असेल, तो उतरवून घे. तुझी थकलेली बचत तुझ्याच अक्षरात मांड. मग कर्ज माग, सगळ्यांना ऐकू जाईल असं: किती, कशासाठी, कधी फेडणार. फायनान्सच्या हप्त्यासाठी हवंय हेही सांगून टाक. आणि सगळं फायनान्स एका दमात मिटवायला निघू नकोस. रेशन आणि तोंडावर आलेले हप्ते भागतील एवढंच माग.