कूलर लावूनही खोली कोंदट का होते? दारं-खिडक्या तर पक्क्या बंद ठेवतो.

बंद ठेवता, तेच नडतंय भाऊ. एसी आतलीच हवा फिरवतो, म्हणून त्याला बंद खोली लागते. कूलर बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून ओढून आत ढकलतो. तिला निघायला वाट नसली की ओल साचते, घाम वाळत नाही, चिपचिप सुरू.

कूलर खिडकीत बसवा, पाठ बाहेर. समोरची खिडकी अर्धी उघडी. चूल शेजारच्या खोलीत असेल तर मधलं दार उघडून वाट तिकडच्या खिडकीतून द्या. धूर बैठकीत शिरण्याऐवजी बाहेर लोटला जातो. कूलर आतच ठेवला तर तीच दमट हवा घुमत राहते.

ताज्या हवेचा अंदाज अभ्यासक कार्बन डायऑक्साइडवरून घेतात: बाहेर साधारण ४२० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग), आत १००० च्या वर गेला की हवा नीट बदलत नाही असं समजतात. बंद खोलीत चारजण झोपले की हा आकडा सहज ओलांडतो. खिडकी उघडी ठेवून चाललेला कूलर हे आपोआप सांभाळतो, तेही दीडशे-दोनशे वॉटमध्ये. दीड टनाचा एसी हजाराच्या वर खातो.

हे सगळं आपल्या कोरड्या मे महिन्यापुरतं. मृग बरसला की पंप बंद, नुसता पंखा चालवा.