'अटोनमेंट' कादंबरीत ब्रायनीला शेवटी माफी मिळते का? ती मिळायला हवी होती का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की, तेरा वर्षांच्या पोरीच्या हातून चूक झाली आणि त्यासाठी तिने जन्मभर झुरावं हे काही पटत नाही. शेवट फोडल्याशिवाय याचं उत्तर देता येणार नाही, तेव्हा ज्यांना पुस्तक वाचायचंय त्यांनी इथूनच परत फिरा.

माफी मिळत नाही. आणि तेरा वर्षांच्या ब्रायनीबद्दल माझं तुमच्यासारखंच मत आहे. माझा राग आहे तो अठरा वर्षांच्या ब्रायनीवर, आणि तिच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही.

ज्यांनी वाचलेली नाही पण तरी वाचताहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. इयन मॅकइवनची ही कादंबरी २००१ सालची. १९३५ चा उन्हाळा, इंग्लंडमधल्या सरे परगण्यात टॅलिस कुटुंबाचं मोठं घर. घरकाम करणाऱ्या बाईंचा मुलगा रॉबी याला टॅलिसांनीच केंब्रिजला शिकवलेलं. त्याचं आणि टॅलिसांच्या थोरल्या लेकीचं, सिसिलियाचं, एकाच दिवसात जुळतं. त्याच रात्री मावसबहीण लोलावर अंधारात बलात्कार होतो आणि धाकटी ब्रायनी ठामपणे सांगते की मी रॉबीला पाहिलं. तिने पाहिलेली असते फक्त एक आकृती. बाकीचं तिच्या डोक्यातल्या गोष्टीने भरून काढलं. रॉबीला तुरुंग, साडेतीन वर्षांनी सुटका तीही सैन्यात भरती होण्याच्या बोलीवर.

त्या रात्री घरात मोठी माणसं काही कमी नव्हती. खरा गुन्हेगार पॉल मार्शल, चॉकलेटचा कारखानदार, तिथेच वावरत होता. लोला गप्प बसली. ब्रायनीच्या आईला मोलकरणीच्या मुलावर विश्वास ठेवण्यापेक्षा लेकीवर ठेवणं सोपं गेलं. रात्री हरवलेल्या लोलाच्या जुळ्या भावांना शोधून, एकाला खांद्यावर घेऊन रॉबी पहाटे धुक्यातून चालत येतो, तोवर त्याचा निकाल लागलेला असतो. त्याची आई पोलिसांच्या गाडीवर छत्री हाणत 'खोटारडे!' म्हणून ओरडते, तो प्रसंग मला साऱ्या पुस्तकात सगळ्यात जड जातो. तिचं ऐकायला तिथे कुणीच नसतं. म्हणून म्हणतो, एका पोरीच्या साक्षीवर सगळं ढकलून बाकीच्यांनी हात झटकले, त्याचा हिशोब तिच्या एकटीच्या नावावर मांडू नये.

आता १९४०. जर्मनांपुढे हटणाऱ्या ब्रिटिश फौजेची फ्रान्समधल्या डंकर्क बंदराकडची माघार. बरेच वाचक हा भाग 'युद्धाचं वर्णन' म्हणून भराभर उलटतात. तसं करू नका. पोटाजवळ बॉम्बचा तुकडा रुतलेला रॉबी चालतोय. विमानांच्या हल्ल्यात एक बाई आणि तिचं मूल त्याच्या डोळ्यांदेखत नाहीसं होतं आणि आपण त्यांना वाचवू शकलो नाही हे त्याला सुटत नाही. अशा रणधुमाळीत कोण दोषी आणि कोण निर्दोष, सगळेच थोडे थोडे दोषी, असा विचार त्याच्या मनात येतो. पण ब्रायनीच्या बाबतीत तो डगमगत नाही. ती लहान होती हे तो मान्य करतो आणि तरीही कधीच माफ करणार नाही असं ठरवतो. गंमत म्हणा किंवा क्रूरपणा म्हणा, हे सगळं लिहिणारी ब्रायनीच आहे हे आपल्याला शेवटी कळतं. रॉबीच्या तोंडी स्वतःला नाकारणारे शब्द तिनेच घातलेत. इतपत प्रामाणिकपणा तिला मी देतो.

ब्रायनी तोवर लंडनच्या इस्पितळात शिकाऊ परिचारिका झालेली असते. बेडपॅन धुणं, फरशा पुसणं, वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टर ड्रमंडचा धाक. शिक्षा म्हणूनच तिने हे ओढवून घेतलंय. इथे ल्युक कॉर्ने नावाचा तरुण फ्रेंच सैनिक येतो. त्याच्या डोक्याचं बँडेज सैल करायला म्हणून ती हात लावते आणि कवटीचा तुकडाच उडालेला दिसतो. तो फ्रान्समधल्या मियो गावच्या घरच्या बेकरीविषयी बोलत राहतो, तिला आपली प्रेयसी समजतो, प्रेम आहे का विचारतो. ती हो म्हणते. परिचारिकांनी पहिलं नाव सांगायचं नाही असा तिथला नियम, तरी ती त्याच्या कानात सांगते, मला ब्रायनी म्हण. एका खोट्याने एका माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त केलेली मुलगी दुसऱ्या खोट्याने एकाला शांतपणे जाऊ देते. पण यातून रॉबीचं काहीच फिटत नाही. सेवा केली दुसऱ्याची, देणं होतं तिसऱ्याचं.

आणि मग जूनमधला तो दिवस. लोला आणि मार्शलचं लंडनच्या क्लॅपम भागातल्या चर्चमध्ये लग्न लागतं. आता लोला नवऱ्याविरुद्ध साक्ष देणार हे विसरा. ब्रायनी मागच्या बाकावर बसून पाहते, गप्प राहते. तिथून पुढे ती जवळच्याच बाल्हम भागात सिसिलियाच्या खोलीवर जाते, तिथे रॉबीही असतो. तो तिच्यावर भडकतो, माफी कुणीच देत नाही, पण कामं नेमून देतात: आईवडिलांना खरं सांग, वकिलापुढे जबानी दे, रॉबीला सगळं सविस्तर लिहून पाठव. वाचताना वाटतं, चला, निदान रस्ता तरी सापडला.

मग १९९९ मधलं शेवटचं प्रकरण. सत्त्याहत्तर वर्षांची, स्मृती जाऊ लागलेली ब्रायनी सांगते की सिसिलियाच्या खोलीवरची ही भेट घडलीच नाही. रॉबी १ जून १९४० ला डंकर्कजवळच्या किनाऱ्यावर जखम चिघळून गेला. सिसिलिया सप्टेंबरात बाल्हम स्टेशनवरच्या बॉम्बहल्ल्यात गेली. (खरा हल्ला १४ ऑक्टोबरचा. ही चूक मॅकइवनची की ब्रायनीची, यावर वाद घालायला मला आवडतं.) आणि त्या दिवशी ती बाल्हमला गेलीच नव्हती. चर्चमधूनच कच खाऊन इस्पितळात परतली.

बहुतेक चर्चा 'अरेरे, ते दोघं मेले' इथे थांबते. मी तारखांपाशी अडकतो. रॉबी गेल्यावर सिसिलिया अजून तीनेक महिने जिवंत होती, त्याच शहरात. क्लॅपमहून बाल्हम म्हणजे अर्ध्या तासाची चाल. ब्रायनीला खरं काय ते पुरतं कळलेलं होतं, खरा गुन्हेगार कोण हेही. पोरवयाची सबब संपली होती. बहिणीच्या दारात उभं राहून शिव्या खायच्या, एवढंच करायचं होतं. ते न करता पुढची एकोणसाठ वर्षं ती मसुद्यांवर मसुदे लिहीत बसली, तेही असं पुस्तक, जे मार्शल नवराबायको कोर्टात खेचतील म्हणून ते जिवंत असेतो छापताच येणार नाही. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. १९३५ ची चूक मी पदरात घेईन. १९४० ची नाही. शेवटी ती म्हणते की दोघांना मी गोष्टीत सुखी केलं, पण त्यांच्याकडून माफी वदवून घेण्याइतकी स्वार्थी झाले नाही. वाक्य सुंदर आहे, बरेच जण त्यावर विरघळतात. मी नाही विरघळत, कारण माफी नाकारली तरी बाल्हमच्या जिन्याने वर जाऊन दार ठोठावण्याचं धैर्य मात्र तिने गोष्टीत स्वतःला बहाल करून घेतलंय.