लोटस ही सॉफ्टवेअर कंपनी सोडल्यावर तिचे संस्थापक मिच केपॉर यांनी पुढे काय केलं?

बरंच काही. आधी थोडं मागचं: एकेकाळी रेडिओवर डिस्क जॉकी आणि ध्यानाचे शिक्षक असलेल्या केपॉर यांनी १९८२ मध्ये जोनाथन सॅक्स यांच्यासोबत लोटस काढली. त्यांचं '१-२-३' हे स्प्रेडशीट (तक्त्यांत आकडेमोड करणारं सॉफ्टवेअर) आयबीएम पीसीसाठी असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी जवळच्या भाषेत लिहिलेलं, थेट व्हिडिओ मेमरीत (पडद्यावरचं चित्र जिथे साठवलं जातं तिथे) आकडे उमटवणारं, म्हणून भलतंच वेगवान. पहिल्या वर्षी अंदाज होता १० लाख डॉलरचा, विक्री झाली ५.३ कोटींची!

१९८६ मध्ये ते बाहेर पडले. १९९० मध्ये डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे सहसंस्थापक, २००३ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरमागच्या मोझिला फाउंडेशनचे पहिले अध्यक्ष. गुंतवणूकदार म्हणून रिअलनेटवर्क्स (इंटरनेटवर ऑडिओ-व्हिडिओ), लिंडेन लॅब ('सेकंड लाइफ' हे आभासी जग), उबर. मला विशेष वाटतं ते हे, की २०१७ मध्ये त्यांनी आणि पत्नी फ्रीडा यांनी उबरच्याच कार्यसंस्कृतीवर जाहीर पत्र लिहून टीका केली. स्वतःचे पैसे अडकलेले असताना असं कोण बोलतं?