पोपटमासा झोपताना अंगाभोवती बुळबुळीत पिशवी का तयार करतो?

मुख्यतः रक्तपिपासू किड्यांपासून वाचण्यासाठी. सगळ्या जाती हे करत नाहीत, पण ज्या करतात त्यांचं काम बघण्यासारखं असतं. अंधार पडला की मासा प्रवाळाच्या कपारीत शिरतो आणि कल्ल्यांजवळच्या ग्रंथींमधून चिकट स्राव सोडू लागतो. तो फुगत फुगत तोंडापासून शेपटीपर्यंत पारदर्शक पिशवी होते. तासाभरात बिछाना तयार!

पूर्वी वाटायचं, वासावरून शिकार शोधणाऱ्या ईल माशांना चकवण्यासाठी हा खटाटोप असेल. तेही असू शकतं. पण ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या प्रयोगात झोपलेल्या काही माशांच्या पिशव्या हळूच काढून घेतल्या, तेव्हा नॅथिइड नावाचे बारीक रक्तशोषक कवचधारी जीव त्यांच्यावर तुटून पडले. पिशवीतले बहुतेक मासे वाचले. थोडक्यात, मच्छरदाणीच. दिवसा हे किडे खाऊन टाकणारे सफाई मासे असतात. रात्री तेही झोपतात. खर्चही फार नाही, रोजच्या ऊर्जेच्या अडीच टक्क्यांच्या आसपास.

जाता जाता: हाच मासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडून शेवाळ खातो, आणि घशातल्या दातांनी दळलेला चुनखडी भुगा वाळू म्हणून बाहेर टाकतो.