हॅव्हर्साइनला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे की, टोकियोहून सॅन फ्रान्सिस्कोला विमान 'वळसा घालून' जाते त्या मार्गाला, आणि ते अंतर काढण्याच्या 'हॅव्हर्साइन' सूत्राला मराठीत काय म्हणावे.

'वळसा' ऐकून कान किटले आहेत. पृथ्वी 6,371 किलोमीटर त्रिज्येचा गोल धरला, तर टोकियोच्या नारिता विमानतळापासून नकाशावर सरळ ओढलेल्या रेघेने हे अंतर सुमारे 8,670 किलोमीटर भरते आणि 48 अंश उत्तरेपर्यंत चढणाऱ्या महावर्तुळावरून सुमारे 8,230. तेव्हा वळसा त्या रेघेचा आहे. (वाऱ्यामुळे प्रत्यक्ष मार्ग थोडा सरकतो, तो भाग निराळा.) महावर्तुळ म्हणजे गोलाच्या पृष्ठावरचे असे वर्तुळ, ज्याचे केंद्र गोलाचेच केंद्र असते, आणि हा शब्द पुरेसा आहे.

खरी गंमत 'साइन'मध्ये आहे. आपल्या गणितात वर्तुळाचा कंस म्हणजे 'चाप', अर्थात धनुष्य. त्याची टोके जोडणारी दोरी म्हणजे 'ज्या' किंवा 'जीवा'. आणि दोरीच्या मध्यापासून कंसापर्यंतचा 'शर'. आर्यभटाने इ.स. 499 मध्ये कोष्टक दिले ते अर्धज्यांचे (अर्ध्या दोरीच्या लांबीचे, म्हणजेच आजच्या साइनचे), पण पुढे 'अर्ध' गळून नुसती 'ज्या' उरली. अरबीत तिची 'जीबा' झाली, स्वर न लिहिण्याच्या रीतीमुळे ती 'जैब' अशी वाचली जाऊ लागली, आणि जैब म्हणजे वस्त्राची उरावरची घडी, आपल्याकडे आलेली 'जेब'. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये त्याच अर्थाचा 'सायनस' आला. नाक चोंदल्यावर आठवतो तोच.

याला लॅटिन भाषांतरकाराची घोडचूक म्हणून हसणारे विद्वान मला पटत नाहीत. अरबी गणितज्ञ स्वतःच 'जैब' वाचत होते. समोरच्या शब्दाचे भाषांतर त्याने चोख केले, आणि त्याहून अधिक अपेक्षा ठेवणाऱ्यांनी स्वरांवाचून लिहिलेले एक पान वाचून दाखवावे.

राहिला हॅव्हर्साइन. इंग्रज गणितज्ञ जेम्स इनमन यांनी 1835 मध्ये नाविकांसाठी रूढ केलेला हा शब्द 'अर्धा व्हर्स्ड साइन' असा फोडता येतो, आणि व्हर्स्ड साइन म्हणजे आपली उत्क्रमज्या, जिला शर असेही म्हणत. म्हणून माझे मत 'अर्धशर' या शब्दाला आहे. तो क्लिष्ट वाटणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की, ते बिनदिक्कत वापरतात ती 'त्रिज्या' म्हणजे तीन राशींची, अर्थात 90 अंशांची ज्या होय.